गोष्ट आधी, आराखडा नंतर

पंधरा वर्षांच्या एका मुलीने मला तिची कथा वाचायला दिली. कथेला आणखी एक कागद जोडला होता. त्यावर बारा चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत सुवाच्य अक्षरात काही ना काही लिहिलेलं. नायिकेचं नेहमीचं जग, तिला आलेली हाक, तिने दिलेला नकार, मार्गदर्शकाची भेट, उंबरठा ओलांडणं… एकही चौकट रिकामी नव्हती.

कथा दोन बहिणींची होती. एका खोलीत राहणाऱ्या, सतत भांडणाऱ्या. थोरली शिकायला दूर जाणार असते. जायच्या आदल्या दिवशी एक शेजारी तिची कागदपत्रं चोरतो, धाकटी मोठ्या धाडसाने ती परत आणते आणि दोघी एकमेकींना मिठी मारतात. शेजाऱ्याने ती का चोरली, याचा कथेत पत्ता नव्हता.

"हा माणूस कुठून आला?" मी विचारलं.

"संघर्ष लागतो ना कथेत," ती म्हणाली. "कुणीतरी आडवं येणारं हवं होतं."

बोलता बोलता कळलं, की पहिल्या खर्ड्यात आणखी एक परिच्छेद होता. कुठल्याच चौकटीत बसेना म्हणून तिने तो काढून टाकला. वहीत तो अजून होता. भांडणं टाळायला दोघींनी खोलीच्या मधोमध खडूने रेघ मारलेली असते. अलीकडे तू, पलीकडे मी. थोरली निघून गेल्यावर दोन दिवसांनी बाहेर कसला तरी आवाज होतो आणि धाकटी खिडकीकडे धावते. खिडकी ताईच्या बाजूला. रेघेपाशी तिचे पाय थांबतात आणि त्या रिकाम्या खोलीत ती विचारते, "जाऊ का?"

सगळी कथा त्या दोन शब्दांत होती, आणि आराखड्याने नेमके तेच बाहेर काढले होते.

यात त्या मुलीचा दोष नाही. तिला शिकवलं तसं तिने केलं, आणि मन लावून केलं. माझी तक्रार आपणा मोठ्यांशी आहे. शाळेत मुद्दे देऊन कथा लिहायला सांगतात आणि शेवटी तात्पर्य मागतात. शिबिरांत फळ्यावर चढउताराचा आलेख काढतात. व्हिडिओंमधून टप्पे मोजून दाखवतात. तिन्हीकडे एकच घडतं: तू काय पाहिलंस, तुला काय खुपलं, हे विचारण्याआधी मुलाच्या हातात साचा येतो. रचना शिकवायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती पहिला खर्डा झाल्यानंतर शिकवावी, दुरुस्तीचं हत्यार म्हणून. आज आपण ती आधी शिकवतो, आणि त्यामुळे चांगल्या कथा लिहिल्या जाण्याआधीच खोडल्या जातात.

हे आराखडे आले कुठून, हे मुलांना क्वचितच सांगितलं जातं. सांगितलं तर त्यांचा निम्मा धाक तिथेच उतरेल.

चढत जाणारा आणि मग उतरणारा तो प्रसिद्ध त्रिकोण गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाच्या १८६३ सालच्या ग्रंथातला. तो ग्रंथ नाटकाबद्दल आहे. ग्रीक शोकांतिका, शेक्सपिअर आणि जर्मन नाटककार समोर ठेवून त्यांनी पाच भागांची मांडणी केली. लघुकथा हा तिथे विषयच नव्हता. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली परीकथांमधली एकतीस 'कार्यं', म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या पात्रांच्या ठरावीक कृती, मांडली, ती सुमारे शंभर रशियन परीकथा तपासून. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाचे भाग आणि त्यांचे परस्परसंबंध नोंदवतो, तसं ते काम होतं, आणि आपल्या पुस्तकाच्या नावातला 'मॉर्फॉलॉजी' (रूपविचार) हा शब्दही त्यांनी वनस्पतिशास्त्राच्याच धर्तीवर घेतला. नायकाच्या प्रवासाची कल्पना जोसेफ कॅम्पबेल यांची, १९४९ सालची, आणि तिचा आधार जगभरच्या पुराणकथा. तिला बारा टप्प्यांत बसवलं ते क्रिस्टोफर व्होग्लर यांनी. हॉलिवूडच्या स्टुडिओंसाठी कथा तपासून त्यावर अभिप्राय देणं हे त्यांचं काम होतं.

तीन अंकांचा नियम तर मोजपट्टी घेऊनच येतो. सिड फील्ड यांनी १९७९ साली तो पटकथेसाठी मांडला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, असा हिशेब. म्हणून एकशे वीस पानांची पटकथा, त्यातली पहिली तीस पानं मांडणीची, मधली साठ संघर्षाची, शेवटची तीस उकलीची. हे प्रमाण दोन तास अंधारात बसणाऱ्या प्रेक्षकाचा विचार करून ठरलेलं आहे. चार पानांची कथा वाचणाऱ्याचा त्यात विचार असण्याचं कारणच नाही.

आता आपण मुलांकडून काय मागतो ते बघा. स्पर्धेला हजार शब्दांची मर्यादा घालतो आणि शिबिरात बारा टप्पे शिकवतो. भागाकार केला तर एका टप्प्याच्या वाट्याला त्र्याऐंशी शब्द येतात. त्र्याऐंशी शब्दांत नकार, पुढच्या त्र्याऐंशीत गुरू. मग कथा पळत सुटते. पात्रं कुठे बसत नाहीत, कुणी कुणाकडे बघत नाही, खोलीला भिंती नसतात. वाचणारा म्हणतो, मुलांना तपशील लिहिता येत नाहीत. तपशिलाला जागा कुणी ठेवली होती?

आपल्याच परंपरेत याहून सैल आणि जास्त समंजस विचार आहे, आणि तो मुलांपर्यंत पोचत नाही याचं मला वाईट वाटतं. संस्कृत नाट्यशास्त्राच्या परंपरेत कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. त्यांच्या जोडीला पाच संधी, म्हणजे कथानकाचे सांधे: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. नावं पाठ करायची गरज नाही. पण मधली अवस्था जरा थांबून बघण्यासारखी आहे. प्राप्त्याशा म्हणजे मिळेल अशी आशा. तिथे काही मिळत नाही, मिळेलसं वाटतं. आणि गर्भसंधीचं वर्णन असं, की बीज हाती येतं, निसटतं आणि पुन्हा शोधलं जातं. कथेच्या मधल्या भागाबद्दल याहून उपयोगी सूचना मी वाचलेली नाही. तरुण लेखकांच्या कथा मधे ढासळतात, कारण तिथे एक तर काहीच हाती येत नाही, किंवा आलेलं निसटत नाही. आडवं येणारा माणूस आणून हे सुटत नाही. खडूच्या रेघेच्या कथेत धाकटीला अख्खी खोली मिळाली आहे, जी तिला कायम हवी होती. मिळाल्याच्या त्याच क्षणी तिचं काहीतरी निसटलं आहे. तिथे शेजाऱ्याला कामच नाही.

शिवाय हेच शास्त्र सांगतं, की प्रत्येक रूपकाला, म्हणजे नाट्यप्रकाराला, पाचही संधी लागत नाहीत. भाण हा एकाच नटाने सादर करायचा एकअंकी प्रकार. त्याला मुख आणि निर्वहण असे दोनच संधी पुरतात. आकार लहान, तर सांधे कमी. जुन्या शास्त्रकारांना जे कळलं होतं ते आपण शिबिरांत विसरतो.

संघर्षाशिवाय कथा होत नाही, हेही सर्वत्र खरं नाही. चिनी चार ओळींच्या कवितेतून आलेली आणि जपानमध्ये गद्यात, चार चौकटींच्या चित्रकथांत रुळलेली एक रचना आहे: आधी एक गोष्ट मांडायची, मग ती थोडी पुढे न्यायची, तिसऱ्या भागात एकदम वेगळंच काही आणायचं आणि चौथ्यात दोन्ही शेजारी ठेवायचं. कुणी कुणाशी लढत नाही. तिसऱ्या चौकटीतल्या वळणामुळे पहिली चौकट नव्याने दिसते, एवढंच. मला हा प्रकार आवडतो तो वेगळा आहे म्हणून नव्हे. मुलांच्या अनुभवाला तो जवळचा आहे. त्यांच्या आयुष्यात खलनायक फारसे नसतात; अचानक वेगळं दिसू लागलेल्या गोष्टी पुष्कळ असतात.

मग रचना म्हणजे काय? माझ्या मते वाचकाला कोणती गोष्ट कधी कळते, याचा क्रम म्हणजे रचना. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

एक साधी गोष्ट घेऊ. धाकट्या भावाच्या हातून बाबांचं घड्याळ फुटतं. तो ते कपाटामागे लपवतो. संध्याकाळी बाबा थोरल्याला रागावतात आणि थोरला गप्प राहतो. रात्री धाकटा कबूल करायला थोरल्याकडे जातो. थोरला म्हणतो, "मी बघितलं होतं तुला." घटना पाच. त्यात भर घालायची नाही की काही काढायचं नाही. फक्त क्रम बदलायचा.

पहिल्यांदा धाकट्याच्या बाजूने, घडलं तसं सांगू. घड्याळ फुटलं हे वाचकाला पहिल्याच ओळीत कळतं. त्यानंतर जिन्यावरच्या प्रत्येक पावलाचा आवाज वाचक धाकट्याच्या कानांनी ऐकतो. जेवताना बाबा मनगटाकडे बघतात तेवढ्यानेही छातीत धस्स होतं. ही भीतीची कथा झाली. थोरल्याचं शेवटचं वाक्य धाकट्याइतकंच आपल्यालाही अनपेक्षित.

आता सुरुवात रागावण्यापासून करू. बाबा बोलतायत, थोरला मान खाली घालून उभा आहे. आपल्याला वाटतं, यानेच फोडलं. पण मग त्याचा चेहरा असा का? तो माफी का मागत नाही, नाकारतही का नाही? ही कोड्याची कथा. धाकटा इथे अर्ध्या कथेपर्यंत दारामागे उभी असलेली एक सावली आहे.

तिसऱ्यांदा थोरल्याला घड्याळ फुटताना बघू द्या, अगदी सुरुवातीला. तो काही बोलत नाही, मागे सरतो. संध्याकाळी बाबा रागावतात तेव्हा तो का गप्प आहे हे आपल्याला ठाऊक असतं, आणि धाकट्याला ठाऊक नसतं की याला ठाऊक आहे. आता त्याच प्रसंगात भीतीही नाही, कोडंही नाही. एका भावाने दुसऱ्यासाठी झेललेला राग आपण बघतो. रात्री धाकटा खोलीत येतो तेव्हा तो बोलेल की नाही, इतकाच प्रश्न उरतो, आणि तो बोलला नाही तर काय होईल याने जीव वरखाली होतो.

तीन वेगळ्या कथा, घटना त्याच. हा प्रयोग मी मुलांकडून करून घेते आणि तक्त्यांपेक्षा हा त्यांना पटकन समजतो. कारण इथे निवड त्यांची असते. भीती दाखवायची आहे की माया, हे आधी ठरवावं लागतं, क्रम त्यामागून येतो. आराखड्यात हा प्रश्न विचारलाच जात नाही. तिथे सगळ्यांच्या कथा एकाच वेगाने चढतात आणि एकाच ठिकाणी उतरतात.

दुसरी एक गोष्ट मी आवर्जून बघायला सांगते: दोन प्रसंगांच्या मधे कोणतं अव्यय बसतं? बहुतेक पहिल्या खर्ड्यांत 'आणि मग' असतं. आणि मग ते बागेत गेले, आणि मग पाऊस आला. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली राजा-राणीच्या मरणाचं उदाहरण देऊन फरक सांगितला होता: राजा मेला आणि मग राणी मेली, ही नुसती गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. म्हणजे 'म्हणून' आलं की कथेला कणा येतो. 'पण' आलं की वळण येतं. इथवर बरेच जण सांगतात. मराठीत मात्र आणखी एक शब्द आहे आणि मला तो या दोहोंपेक्षा मोलाचा वाटतो: 'तरीही'. रेघ आता कुणी बघणार नव्हतं, तरीही ती थांबली. आपण निर्दोष आहोत हे त्याला माहीत होतं, तरीही तो गप्प राहिला. 'म्हणून' मधे परिस्थिती माणसाला पुढे ढकलते. 'तरीही' मधे माणूस परिस्थितीच्या पलीकडे काहीतरी करतो, आणि तिथेच तो कोण आहे ते कळतं. कथेत एक खरं 'तरीही' सापडलं तर तिची रचना त्याच्याभोवती उभी करता येते. सापडलं नाही तर बारा चौकटी भरूनही हाती आराखडाच राहतो.

सुरुवातीबद्दल फार बोलत नाही. मुलांच्या कथा बहुधा सकाळी जाग येण्यापासून सुरू होतात. पहिला परिच्छेद काढून बघ म्हटलं, की नव्वद टक्के काम होतं.

शेवटाबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तिथे आपण मोठ्यांनी जास्त नुकसान केलं आहे. कथेखाली तात्पर्य लिहायला लावलं की मूल कथा तात्पर्याकडे ओढत नेऊ लागतं. प्रामाणिक मुलाला बक्षीस मिळायलाच हवं, लोभ्याला शिक्षा व्हायलाच हवी. मधे पात्राला काही वेगळं करावंसं वाटलं तरी त्याला मुभा नाही. पंचतंत्रात उपदेश आहे, हे मला माहीत आहे. पण तिथे उपदेश गोष्टीच्या पोटात असतो. एक पात्र दुसऱ्याला काही पटवायला गोष्ट सांगतं, त्या गोष्टीतलं पात्र आणखी एक सांगतं, आणि बरेचदा सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थही असतो. कोण कुणाला काय पटवतोय, यावर त्या उपदेशाची किंमत ठरते. आपण ती सगळी वीण उसवून शेवटची एक ओळ तेवढी हातात ठेवली.

तात्पर्याला कंटाळलेली मुलं दुसऱ्या टोकाला जातात: ते सगळं स्वप्न होतं, किंवा निवेदक मुळात मेलेलाच होता. यातही त्यांची चलाखी बघून हसण्यासारखं काही नाही. गाठ मारताना ती कशाची आहे हे ठरलेलं नसलं, की सोडवताना कात्रीच लागते. अशा वेळी मी शेवट दुरुस्त करायला सांगत नाही. शेवटाचा दोष जवळजवळ नेहमी पहिल्या पानावर सापडतो. तिथे वाचकाच्या मनात कोणता प्रश्न पेरला गेला होता, आणि शेवटी कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं? दोन वेगळे असतील तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, शेवट कितीही चमकदार असो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आराखडा नसेल तर मुलं कथा अर्ध्यावर सोडतात. मनाला येईल ते लिही म्हटलं, की तीन पानांनंतर मन काही देत नाही, आणि अर्धवट कथांचा ढीग साचतो. चौकटी असल्या तर पुढे काय हे कळतं, धीर येतो. हे खरं आहे. चौकटीमुळे आयुष्यात पहिल्यांदा कथा पूर्ण करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या डोळ्यातला आनंद खोटा नव्हता. त्यांच्याकडून तो कागद मी हिसकावून घेणार नाही. पण पूर्ण झालेली कथा आणि जिवंत कथा यांत फरक असतो, आणि तो फरक दाखवण्याची जबाबदारी आपली आहे. नाही दाखवला तर पाचवी कथा पहिलीसारखीच निघते, आणि हुशार मूल सहावी लिहीत नाही.

मराठी कथेने हे एकदा अनुभवलं आहे. आकर्षक सुरुवात, वाढती गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवटी कलाटणी, असं तंत्र घोटून घोटून लिहिलेल्या कथा एके काळी घराघरांत वाचल्या जात. मग १९४०च्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर हे लेखक पुढे आले आणि नवकथेने ती घडी मोडली. कथेत एखादी मनःस्थिती पुरेशी ठरली, एखादा माणूस नुसता नीट बघितला तरी पुरे झालं. यातल्या कुणाच्याही कथा विस्कळीत नाहीत. रचना तिथे आहेच. ती विषयातून वर आलेली आहे, वरून बसवलेली नाही. तंत्रयुगातल्या लेखकांचं कौशल्य मी कमी लेखत नाही. तंत्र कुठे संपतं हे कळायला आधी ते कुणीतरी पूर्णत्वाला न्यावं लागतं.

मग शिकवायचं कसं? माझी रीत अशी. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत रचनेचा शब्द काढायचा नाही. लिहिणारा अडला, तर त्याला पुढचा टप्पा सांगायचा नाही. तुझ्या माणसाला या क्षणी काय हवंय, एवढंच विचारायचं. खर्डा झाला की तो चार दिवस बाजूला. नंतर प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहायची, पण काय घडलं याची नव्हे. या प्रसंगात वाचकाला नवं काय कळलं, याची. ज्या प्रसंगापुढे ओळ लिहिता येत नाही तो काढायचा किंवा दुसऱ्यात मिसळायचा. दोन ओळी सारख्या आल्या तर एक जास्तीची. मग त्या ओळींच्या चिठ्ठ्या करायच्या, जमिनीवर मांडायच्या आणि क्रम बदलून बघायचा. या टप्प्यावर फ्रायटागचा त्रिकोणही दाखवावा, पाच संधीही, चार चौकटींची जपानी रीतही. आता ती अवजारं आहेत, कारण ज्यावर चालवायची ती वस्तू समोर आहे. आपल्या कथेला कुठलंच लागू पडत नाही असं एखाद्याच्या लक्षात आलं, तर त्यालाही त्यातून काहीतरी कळलेलं असतं.

याला वेळ लागतो, हे मान्य. एका तासात मुद्द्यांवरून कथा लिहून घेता येते, चिठ्ठ्या मांडायला आठवडा जातो. गुण देणंही अवघड होतं, कारण बारा चौकटी भरल्या की नाही हे तपासता येतं, 'जाऊ का?' ला किती गुण द्यायचे हे कुठे लिहिलेलं नसतं. परीक्षकाला वाचावं लागतं. स्पर्धा घेणाऱ्यांनी आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी हा त्रास सोसावा असं माझं आग्रहाचं मागणं आहे. निदान तात्पर्याची ओळ तरी प्रश्नपत्रिकेतून काढा. आणि एकाऐवजी दोन खर्डे मागा, पहिल्याला गुण न देता.

त्या मुलीने कथा पुन्हा लिहिली. शेजारी गेला, चोरी गेली, मिठीही गेली. आता ती दीड पानाची आहे आणि तिच्यात एक खोली, एक खिडकी आणि एक रेघ एवढंच उरलं आहे. "जाऊ का?" हे शब्द शेवटी ठेवायचे की मधे, हे तिचं अजून ठरलेलं नाही. शेवटी ठेवले तर वाचक तिच्याबरोबर रेघेपाशीच थांबेल, असं तिला वाटतं. मधे ठेवले तर पुढे तिला रेघ ओलांडताना दाखवावं लागेल, आणि पाय पडला की खडू थोडा पुसला जाईल. तो पुसलेला तुकडा बघून ती काय करेल, याचा ती विचार करते आहे.